पत्रिकेतली शेवटची ओळ

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातल्या कुठल्याही सप्ताहाची पत्रिका हातात घ्या. वर कीर्तनकार महाराजांचे फोटो, मध्ये रोजच्या सेवा, मग अन्नदात्यांची नावं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते. मृदंगाचार्य अमुक, गायनाचार्य तमुक, हार्मोनियम, चोपदार, विणेकरी. त्या ओळीतल्या कितीतरी जणांचं घर निव्वळ वाजवण्या-गाण्यावर चालतं. पगार नाही, नेमणूक नाही. बोलावणं आलं की पखवाज मोटारसायकलवर बांधायचा आणि नायगाव, देगलूर, धर्माबाद, नाहीतर हद्दीपलीकडं बोधन-निजामाबाद गाठायचं.

चैत्रात हनुमान जयंतीच्या सप्ताहात कुंडलवाडीच्या बाजूच्या एका गावी अशाच एका पखवाजवादकाजवळ मी बसून होतो. कीर्तनाला तास-दीड तास असेल. त्यांनी डब्यातली कणिक काढली, पाण्याचा हात लावून मळली आणि पखवाजाच्या धुमेवर थापली. बोटानं कडा दाबत, मधूनच थाप मारून ऐकत होते. कणिक जास्त झाली तर घुमारा जड होतो, बोल ओढल्यासारखा येतो. कमी पडली तर धुमा पोकळ वाजते. मग उजवी बाजू. हातोडीनं गजऱ्यावर एक ठोका, बोटानं चाटीवर एक बोल, परत ठोका. शेजारी हार्मोनियमवाल्यानं काळी दोन धरून ठेवली होती. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले तेव्हाच ते थांबले.

“आजचे महाराज काळी दोनमध्ये गातात,” ते म्हणाले. “उद्याच्या महाराजांचा सूर पांढरी चार. म्हणून दोन पखवाज बाळगावे लागतात.”

चैत्रातली हवा कोरडी. दोन तासांच्या कीर्तनात कणिक वाळते, धुमा चढायला लागते. महाराज दृष्टांत सांगत असताना त्यांनी गुपचूप ओली बोटं कणकेवरून फिरवली. समोरच्या मंडळींत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. महाराजांनी मात्र चाल लावताना त्यांच्याकडं पाहून मान हलवली. मला वाटतं, या धंद्यातली खरी कमाई तिथं होते. गावकरी लग्गी-तिहाईला टाळ्या देतात, पण पुढच्या गावी ‘पखवाजाला अमक्यालाच सांगा’ असं सुचवतात ते महाराजच. दिवस सांभाळणारा, सूर न सोडणारा, महाराज बोलत असताना हात आवरणारा वादकच त्यांना हवा असतो. हात तयार असूनही वर्षभरात मागं पडलेले वादक या भागात आहेत. दोन बोलांमधली जागा त्यांना मोकळी सोडवत नाही.

हे शिक्षण बऱ्याच जणांना आळंदीत मिळतं. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. मराठवाड्यातली शेतकऱ्यांची पोरं आजही आळंदीला जाऊन राहतात, पाठांतर करतात, गायन-मृदंग शिकतात. परत येतात तेव्हा हातात कला असते, पण वर्षाचा हिशेब कसा बसवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. तो गावातच शिकावा लागतो.

हा हिशेब चालतो पंचांगावर आणि सोयाबीनवर. दिवाळीत माल विकला की गावाच्या हातात पैसा येतो आणि सप्ताहांच्या तारखा ठरायला लागतात. दत्तजयंतीपासून हनुमान जयंतीपर्यंत वादकाला उसंत नसते. आषाढात दिंडी, श्रावणात भजन, मग गणपती. पितृपक्षात शुकशुकाट. पाऊस फिरला तर सात दिवसांचा सप्ताह तीन दिवसांवर येतो आणि पहिली कात्री लागते ती तळाच्या ओळीला. लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांचं गणित पुन्हा वेगळं. 2026 साली 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईत त्यांचा महिना कोरडा, आणि पखवाजवाल्याला मात्र अधिक मासाच्या सप्ताहांमुळं एकाच तारखेला दोन-दोन गावांची बोलावणी. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यांचा हंगाम आणखी निराळा. भीमजयंतीपासून पुढं कितीतरी दिवस गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम चालतात आणि चांगला साथीदार रोज एका गावी असतो. ज्याला यातलं एकच काम येतं, त्याला वर्षातले निदान चार महिने उसनवारीवर काढावे लागतात.

म्हणून सगळे शिकवण्या घेतात. माझ्या ओळखीचे हे पखवाजवादकही संध्याकाळी घरी पोरांना तबला शिकवतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून पालक स्वतःहून येतात. गुण पदरात पडले की बरीच पोरं थांबतात, याचं त्यांना वाईट वाटतं. पण पितृपक्षातला किराणा याच फीवर भरला जातो. शिकवणं म्हणजे कलावंताची माघार, असं मी मानत नाही. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडं शिकलेले पं. नाथराव नेरलकर औरंगाबादेत मैफली गाजवत होते आणि शिष्यही घडवत होते.

आता पैशाचं. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसाद होतो आणि वादकाच्या हातात नारळ, टॉवेल-टोपी आणि एक पाकीट पडतं. आत किती, हे आधी विचारायचं नाही, कारण ही सेवा. कीर्तन विकू नये ही संतांची शिकवण मला मनापासून मान्य आहे. पण कीर्तनकारांची बिदागी आज फोनवर आधी ठरते, मंडपवाला आणि साउंडवाला आगाऊ रक्कम घेतो, आणि सेवेचा नियम उरतो तो फक्त पखवाज-पेटीवाल्यांपुरता. हा अन्याय आहे. शाई गेली की पुडी बदलावी लागते, पेट्रोल लागतं, पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत हात झिजतो. त्याचा आकडा आधी बोलल्यानं देवाची सेवा कमी होत नाही.

मार्च 2020 मध्ये ऐन हंगामात कोरोनामुळं सगळं बंद पडलं, तेव्हा या पाकिटांचा आधार किती तकलादू आहे हे दिसलं. मंदिरं 16 नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी परत बंद झाली, ती ऑक्टोबरात उघडली. मधल्या काळात किती वादक सोयाबीन काढायला गेले, किती हैदराबादला बांधकामावर गेले, याची नोंद कुठंच नाही. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार आता महिन्याला 5,000 रुपये मानधन देतं. पण त्याला वयाची पन्नाशी लागते, आणि बरीच वर्षं कला केल्याचे पुरावेही. अशा वेळी वादक जुन्या पत्रिका शोधत बसतात. मी भेटेन त्या प्रत्येकाला सांगतो, पत्रिका फेकू नका, तारखेनिशी फाईल करून ठेवा. सरकारी कचेरीत तुमच्या वाजवण्याचा तोच दाखला.

आमच्या पखवाजवादकांनी दोन गोष्टी सुरू केल्यात. एक, येण्या-जाण्याचा खर्च ते आधी सांगतात, बिदागी गावावर सोडतात. सुरुवातीला एक-दोन गावं नाराज झाली, मग सरावली. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एकाच तारखेला दोन बोलावणी आली की ते दुसऱ्या गावी आपला शिष्य पाठवतात आणि पाकीट पूर्ण त्यालाच घेऊ देतात. त्यांच्या शिष्यांतला एकजण आता वीस-बावीसचा असेल. त्याला हल्ली गावं थेट फोन करतात. मागच्या माघातल्या एका पत्रिकेत तळाच्या ओळीत मृदंगाचार्य म्हणून त्याचंच नाव छापलं होतं.