कोपराची शस्त्रक्रिया आणि पन्नास किलोची गोणी

लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलणारा हमाल असो की जुन्या नाशकात हंड्यावर हातोडी चालवणारा तांबट, कोपराचा ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्याची झीज, अशाच कष्टकऱ्यांना गाठतो. गुडघ्याची झीज बायकांत अधिक; कोपराचे उलटे. इथे रुग्ण बहुधा पुरुष, पन्नाशीच्या आसपासचा, आणि दुखणे कामाच्या हातात.

सुरुवातीला सांधा मधोमध बऱ्यापैकी शाबूत असतो. कडांना मात्र हाडाचे काटे वाढतात, काही तुकडे सुटून सांध्यात फिरतात. म्हणून हात पार सरळ करताना किंवा पुरता वाकवताना कळ येते. आतल्या बाजूची नस दाबली गेली की करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी हीच ती नस.

गोळ्या, व्यायाम, विश्रांती यांनी भागले नाही, की रुग्ण विचारतो, ‘सांधाच बदलून टाकू का?’ गुडघ्याच्या अनुभवावरून हे सुचते. पण कृत्रिम कोपर बसवल्यावर त्या हाताने एका वेळी चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही, तेही वारंवार नाही, आणि हे पथ्य जन्मभराचे! नाहीतर हाडात बसवलेला धातूचा दांडा सैल होतो. पन्नास किलोची गोणी उचलणाऱ्याला हा उपचार म्हणजे सक्तीची निवृत्तीच. तो साठी-पासष्टीच्या पुढच्या, हलके काम असलेल्यांसाठी ठीक.

कष्टकऱ्यासाठी साधा मार्ग बरा: दुर्बिणीतून किंवा छेद घेऊन काटे तासायचे, सुटे तुकडे काढायचे, आवळलेले आवरण सैल करायचे, गरज पडल्यास नस मोकळी करायची. वेदना बहुतेकांची कमी होते. हालचाल मात्र साधारण वीसेक अंशांनीच वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण अमेरिकेतील बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत हलले तरी पुरते. घास तोंडापर्यंत जाणे न जाणे त्या वीस अंशांवर ठरू शकते. जपानी शल्यचिकित्सकांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा सरासरी दहा वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले: काटे पुन्हा वाढतात, तरी वेदनेचा आराम टिकतो आणि जड काम करणारे बहुतेक जण कामावर परततात.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात, तर कोपर किती दुखते हे सांगण्याआधी रोज किती वजन उचलता ते सांगा.