चार चासी नंबर, चार कहाण्या

फ्रान्सच्या अल्सास प्रांतात मोल्सहाइम हे छोटं गाव आहे. तिथल्या बुगाटी कारखान्यात १९३६ ते १९३८ या काळात ‘अटलांटिक’ नावाच्या अवघ्या चार गाड्या तयार झाल्या. त्यांचं रूप रेखलं संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचे चिरंजीव ज्याँ यांनी. टपाच्या मधोमध पुढून मागे जाणारी, रिव्हेट ठोकलेली उभी पट्टी ही या गाडीची खूण. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या मूळ नमुन्याचे पत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. वेल्डिंग करताना तो पेट घेण्याची भीती, म्हणून पत्रे रिव्हेटने सांधले. पुढे विक्रीच्या गाड्या अॅल्युमिनियमच्या झाल्या, तरी ती पट्टी कायम राहिली.

या चौघींचे चासी नंबर ५७३७४, ५७४५३, ५७४७३ आणि ५७५९१. जुन्या गाडीच्या मालकांचा शोध अशाच आकड्यापासून सुरू होतो. रंग बदलतो, इंजिन बदलतं, गाडी परदेशी गेली की नंबरप्लेट बदलते. चासीवर ठोकलेला आकडा त्या मानाने टिकतो. मग कारखान्याच्या विक्रीवह्या, नोंदणीची रजिस्टरं, विम्याचे कागद, जुने फोटो तपासत एकेक नाव जोडत जायचं. सातबाऱ्यावरचे फेरफार लावण्यासारखंच हे काम आहे. मधला एक फेरफार गहाळ झाला की पुढच्या साऱ्या मालकीवर प्रश्न उभा राहतो.

पहिली गाडी, ५७३७४, १९३६ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्ड यांच्याकडे गेली. महायुद्धानंतर ती अमेरिकेत पोहोचली. १९७१ मध्ये डॉ. पीटर विल्यमसन या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिलावात ती ५९ हजार डॉलरना घेतली. २००३ मध्ये पेबल बीच इथल्या प्रदर्शनात तिला सर्वोत्कृष्ट गाडीचा मान मिळाला. डॉक्टरांच्या निधनानंतर, २०१० मध्ये, तिचा सौदा तीन कोटी डॉलरच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या.

चौथ्या गाडीची, ५७५९१ ची, साखळीही स्पष्ट आहे. १९३८ मध्ये ती लंडनच्या आर. बी. पोप यांना मिळाली आणि तिच्यावर ‘ईएक्सके ६’ हा नंबर चढला. आज ती फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात आहे. मूळची निळी गाडी आता काळी आहे. नुसत्या रंगावर विसंबणारा शोधक इथे फसला असता; कागद फसवत नाहीत.

तिसरीचं प्राक्तन वेगळं. ५७४७३ चे पहिले मालक फ्रान्सचे जॅक होल्झशू. १९५५ मध्ये, पुढच्या मालकाच्या ताब्यात असताना, रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला उडवलं. गाडीतल्या दोघांचाही मृत्यू झाला. चेंदामेंदा झालेले अवशेष पुढे एका संग्राहकाने विकत घेतले आणि कित्येक वर्षं खपून गाडी पुन्हा उभी केली गेली. अशा गाडीबाबत मालकांची यादी पुरत नाही. कोणता भाग १९३६ चा आणि कोणता नंतर घडवलेला, याचाही हिशेब मांडावा लागतो. तो प्रामाणिकपणे मांडला, तर जोडकाम हा डाग ठरत नाही. तो त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग होतो.

आणि दुसरी? ५७४५३ ही खुद्द ज्याँ बुगाटींच्या वापरातली काळी गाडी. कंपनीच्या जाहिरातपत्रकांत तिचे फोटो छापले गेले. ऑगस्ट १९३९ मध्ये एका रेसिंग गाडीची चाचणी घेताना ज्याँ अपघातात गेले, वय अवघं तीस. पाठोपाठ युद्ध पेटलं. बोर्दोला रेल्वेने हलवायच्या गाड्यांच्या यादीत तिचा अखेरचा माग लागतो. त्यानंतर काही नाही. कंपनीच्या अंदाजाने ती आज सापडली तर तिची किंमत दहा कोटी युरोंच्या वर जाईल. ज्या गाडीचं छायाचित्र जगभर पोहोचलं होतं, तीसुद्धा कागदाचा धागा तुटल्यावर हरवली.

आपल्याकडे हा विषय फक्त राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुरता नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी फियाट आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो; नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. म्हणजे घरच्या जुन्या गाडीचे कागद आता नुसती आठवण उरलेले नाहीत, ते पुरावा आहेत.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याची पत्रं रद्दीत घालू नका. चासी आणि इंजिन नंबरांचे फोटो काढा. आधीचे मालक कोण, गाडी कोणत्या वर्षी कुणाकडून आली, कोणता भाग कधी बदलला, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. माहीत असलेलं आणि ऐकीव, दोन्ही वेगवेगळं लिहा. पुढच्या शोधकाला त्याहून मोठी मदत कुणीही करू शकणार नाही.