आयुधपूजेआधीचा रविवार

सकाळी ६.३०. टायर गार आहेत तोवरच हवा बघून घ्यायची. गाडी धावली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि गेजचा आकडा वाढीव दिसतो. बंगळुरूच्या ट्रॅफिकमधून पंपापर्यंत पोचल्यावर टायर गार कुठला? म्हणून गेज घरीच ठेवलंय. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या स्टिकरवर असतं. धाकटा वाचतो, थोरली मोजते. टायरवरच छापलेला मोठा आकडा कमाल दाबाचा, तेवढी हवा भरायची नसते, हे दर वेळी सांगावं लागतं. मुलांना नव्हे, शेजाऱ्यांना.

७.००. चाकांची अदलाबदल. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, वळायचंही त्यांनीच, त्यामुळे ती आधी झिजतात. मागची पुढे, पुढची मागे केली की झीज सारखी होते. पण जॅक एकच. मुलांना एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. थोरलीने फरशीवर खडूने गाडी काढली, बराच वेळ खोडाखोड केली, मग म्हणाली, "आई, स्टेपनी!" दोन भांड्यांतलं दूध नि ताक अदलाबदल करायला तिसरं भांडं लागतं, तसंच. पुढचं चाक काढून तिथे स्टेपनी. मागचं काढून तिथे पुढचं. मग स्टेपनी काढून तिथे मागचं. एका बाजूला तीनदा जॅक.

हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

"आधीच का?"

"उचलल्यावर पाना फिरवून बघ."

त्याने बघितला, नटाऐवजी चाकच फिरलं. आवळताना समोरासमोरचे नट आलटून पालटून, नाहीतर चाक तिरकं बसतं. गाडी जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही. याला आमच्याकडे "का" चालत नाही, आधी हात बाहेर, मग प्रश्न.

टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३५२१ म्हणजे २०२१चा पस्तिसावा आठवडा. स्टेपनी धाकट्याहून मोठी निघाली. नवी घ्यावी लागणार.

९.३०. हाताचं ग्रीस साखर आणि खोबरेल चोळून काढलं. इडल्या.

१०.१५. बॅटरी. टर्मिनलवर पांढरी पूड साठली होती. मी बांगड्या काढून ठेवल्या. धातूची बांगडी नको तिथे टेकली तर मनगट भाजतं. आधी निगेटिव्ह सुटं करायचं, कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा पाना पत्र्याला लागला की ठिणगी उडालीच. जोडताना उलट क्रम. सोड्याचं पाणी ओतल्यावर पूड फसफसली, आणि आम्लाचा धडा पुस्तक न उघडता झाला. वरून व्हॅसलीनचा हात. एक काका खाली डोकावून म्हणाले, "मेकॅनिकला बोलवा ना, मॅडम." धाकट्याने त्यांना निगेटिव्ह आधी का, ते समजावलं.

११.३०. धुणं: एक बादली, दोन फडकी. मार्च २०२४च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणून ५,००० रुपये दंड ठेवला, तेव्हापासून आमच्या पार्किंगमधला पाइप गेला तो गेलाच. टाउन हॉलजवळच्या जे. सी. रोडवरून शनिवारी आणलेला एअर फिल्टर आणि वायपर दुपारच्या जेवणाआधी बसवून झाले.

३.००. ब्रेक करकरतात, तेही आपणच उघडू, असा थोरलीचा आग्रह. नाही. ब्रेक आमच्या मेकॅनिककडेच जातील. ती सोबत जाऊन बघेल. घरी काय करायचं नाही हेही शिकवण्यातच येतं, आणि त्यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात.

५.३०. पूजेची यादी: झेंडू, चाकांखाली ठेवायला लिंबं, केळीचे खुंट, कोहळा. आपली खंडेनवमी इथे आयुधपूजा होते आणि बसपासून रिक्षापर्यंत सगळी वाहनं नटतात. धाकट्याने टायरच्या खाचेत नखाने चाचपून पुन्हा पाहिलं. तळाशी रबराचे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा, कारण पाणी बाहेर फेकायला खाच उरत नाही आणि गाडी घसरते.

कोहळ्याच्या फोडींवर तर नवा टायरही घसरतो. पूजेला कोहळा रस्त्यात फोडणार असाल, तर फोडी लगेच उचलून कडेला करा. मागून दुचाक्या येत असतात.