बंदरातली गर्दी आणि आपल्या काट्यावरची रांग



लाखांदूरहून मुंबईचा समुद्र नऊशे किलोमीटरहून दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी चुलबंद आणि वैनगंगेपलीकडे मोठे पाणी पाहिलेले नाही. तेव्हा "बंदराच्या नियोजनाशी आपला काय संबंध?" असे कोणी विचारले तर नवल नाही. संबंध असा, की बंदराचा आणि गळीत हंगामाचा प्रश्न मुळात एकच आहे : येणारे पुष्कळ, माल उतरवून घेणारी जागा थोडी.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आवारात प्रस्तुत लेखक उसाची बंडी घेऊन दोन रात्री उभा होता. पुढे रांग, मागे रांग. बैल तणसावर तगले, ऊस काही तगला नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण सगळे जाणतो. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते, साखरेचा उताराही पडतो. वजनातली तूट शेतकऱ्याच्या अंगावर, उताऱ्यातली कारखान्याच्या. रांगेत फायदा कोणाचाच नाही.

मुंबईची अडचण

मुंबई पोर्ट ट्रस्ट 1873 साली स्थापन झाला. प्रिन्सेस गोदी 1880 ची, व्हिक्टोरिया गोदी 1888 ची, आणि आज जिला इंदिरा गोदी म्हणतात ती 1914 ची. त्या काळी माल पोत्यांत आणि गाठींत येई, हमालांच्या पाठीवरून उतरे. पुढे 1956 साली अमेरिकेत कंटेनरची वाहतूक सुरू झाली आणि सारा हिशेबच बदलला. कंटेनरच्या मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतेच, शिवाय धक्क्यामागे मोकळे मैदान लागते. मुंबई पडले बेट. गोद्यांच्या पाठीला शहर भिडलेले, आणि मालगाडीला लोकलमधून वाट काढायची. जहाज झटकन रिकामे केले तरी माल बाहेर निघणार कोठून?

म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर बांधले गेले. 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. मात्र त्याची किंमत उरणच्या शेतकऱ्यांनी दिली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. जमीन जाणे म्हणजे काय, हे गोसीखुर्द पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. पुढे न्हावा-शेव्याच्या रस्त्यांवरही ट्रकच्या रांगा लागल्याच. ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले, तेथे मच्छीमार बांधवांचा विरोध आहे. असलेले बंदर नीट न वापरले, तर नव्या बंदराची गरज तितकी लवकर लागते, आणि त्याची झळ कोणाच्या तरी उंबऱ्याला पोचते.

भरलेला धक्का म्हणजे चांगला धक्का नव्हे

आपली समजूत अशी, की काटा क्षणभरही रिकामा नसावा. हिशेब उलटे सांगतो. समजा, एका बंडीच्या वजनाला सरासरी दहा मिनिटे लागतात, म्हणजे तासाला सहा बंड्या. बंड्या अनियमित येत असतील आणि वजनालाही कमीजास्त वेळ लागत असेल, तर तासाला तीन बंड्या आल्यास प्रत्येकीला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. पाच आल्या तर पन्नास मिनिटे. बंड्या दुपटीनेही वाढल्या नाहीत, थांबणे मात्र पाचपट झाले!

यासाठीच संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने बंदर-नियोजकांना सांगितले, की एकच धक्का असेल तर तो 40 टक्के वेळच व्यापलेला धरावा, दोन असतील तर 50 टक्के, आणि सहा ते दहा असतील तर 70 टक्के. धक्के एकत्र वापरले की एकाची अडचण दुसरा सावरतो. थोडी मोकळीक ठेवणे ही उधळपट्टी नव्हे, तो विमा आहे.

हा हिशेब मोडला की काय होते ते नायजेरियाने 1975 साली भोगले. लागोसच्या बंदराला झेपेल त्याच्या कित्येक पट सिमेंट त्या सरकारने एकदम मागवले. चारशेहून अधिक जहाजे समुद्रात खोळंबली. काही सिमेंट जहाजातच घट्ट झाले, आणि खोळंब्याचा दंड, म्हणजे डिमरेज, सरकारच्या बोकांडी बसला. सिमेंट मागवणे चूक नव्हते, सगळे एकदम मागवणे चूक होते.

नंबर कोठे द्यायचा?

अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांबाहेर 2021 साली अशीच दाटी झाली. किनाऱ्याजवळ जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी, असा नियम होता. म्हणून जहाजे तेल जाळीत धावत येत आणि दाराशी उभी राहत. नोव्हेंबर 2021 पासून नियम बदलला. मागचे बंदर केव्हा सोडले, त्यावरून नंबर धरू लागले. धक्का एकही वाढला नाही, रांगही लगेच सरली नाही. पण जहाजांना सावकाश येता आले, आणि किनाऱ्याजवळची धोक्याची गर्दी मोडली.

आपल्यासाठी बोध इतकाच, की नंबर फाटकावर नव्हे, वावरात मिळाला पाहिजे. तोडचिठ्ठी हाच आपला नंबर. चिठ्ठीवरच्या तारखेआधी कोयता चालवू नये. गव्हाण बंद पडली तर तोड थांबवण्याचा निरोप टोळीपर्यंत त्याच वेळी गेला पाहिजे, कारण उभा ऊस थांबू शकतो, तोडलेला नाही. आणि वशिल्याने मधे घुसणारी एक बंडी मागच्या सगळ्यांचा वेळ खाते, हे मोठ्या सभासदाने आणि लहानानेही ध्यानात ठेवावे.

यंत्रे वाढवायला पैसा लागतो, जागा वाढवायला कोणाची तरी जमीन. नंबर पाळायला मात्र काहीच लागत नाही, फक्त तो सगळ्यांनी पाळावा लागतो. आणि सहकार म्हणजे तरी दुसरे काय?