रोमँटिक आणि रोमँटिकविरोधी : एका शब्दजोडीची कैफियत

'रोमँटिक' ह्या शब्दासाठी आपण सौंदर्यवादी, अद्भुतरम्य, भावनाप्रधान असे नाना प्रतिशब्द योजून पाहिले. परंतु त्यांपैकी एकही सर्वांशी बसला नाही, आणि अखेरीस मूळ शब्दच देवनागरी पोशाखात मराठी समीक्षेच्या दप्तरी कायम झाला. जुन्या काळी फ्रान्सात लॅटिनहून निराळी अशी जी लोकांची बोली, तिचे 'रोमान्स' हे नाव ह्या शब्दाच्या मुळाशी आहे. पुढे त्या बोलीत रचलेल्या शूरांच्या व प्रेमिकांच्या कथांना तेच नाव पडले, आणि सतराव्या शतकात इंग्रजीत, अशा कथांतच शोभावी व व्यवहारात खरी वाटू नये अशी गोष्ट 'रोमँटिक' ठरली. निंदेच्या ह्या अर्थातून शब्दाला वर काढले ते जर्मनीतील श्लेगेल बंधूंनी. त्यांचे 'अथेनेउम' हे नियतकालिक आणि वर्ड्‌स्वर्थ-कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्‌स' हा संग्रह, दोन्ही १७९८ सालची.

आता रोमँटिकविरोधी म्हणजे कोण? सामान्यतः त्याला अभिजातवादी समजण्याची चूक होते. अभिजात वृत्तीला मर्यादा मुळातच मान्य असते, त्यामुळे तिच्या ठायी कोणतीही तक्रार नसते. रोमँटिकविरोधी मनुष्य मात्र एकदा अनंताच्या मागे लागलेला, हात रिते राहिलेला आणि ते रितेपण विसरू न शकणारा असा असतो. शास्त्रार्थात पूर्वपक्षावाचून उत्तरपक्ष उभा राहत नाही, तसेच हे आहे. फ्लोबेरने १८५७ साली 'मादाम बोव्हारी'त स्वप्नाळूपणाची निर्घृण चिकित्सा केली खरी. परंतु स्वतःला त्या दुखण्याचा अनुभव नसलेल्या लेखकाच्या हातून ती इतकी अचूक झाली असती असे मला वाटत नाही.

आपल्याकडे हा भेद पाहावयाचा तर बालकवी आणि मर्ढेकर हे दोघे पुरेत. बालकवी म्हटले की पाण्यात पाय सोडून बसलेला तो आठ ओळींतला 'औदुंबर' आठवतो. पण 'पारवा' ही कविता काढून पाहावी. खचलेली भिंत, कलंडलेला खांब, ओसाड धर्मशाळा, आणि तिच्यात घुमणारा एकटा पक्षी! ज्या कवीला आपण आनंदाचा वतनदार मानले, त्याच्या काव्यात ही पडझड आधीच शिरली होती. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता.

मर्ढेकरांचा 'शिशिरागम' (१९३९) ह्याच परंपरेच्या छायेतला. 'काही कविता' (१९४७) प्रसिद्ध होताच मात्र वाचक हादरले आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला, ज्यातून कवी निर्दोष सुटला. त्यांची उंदरांची कविता जवळून पाहावी. पिपात भिजून मेलेले उंदीर, आपोआप लुळावलेल्या माना, आणि त्या गर्दीत ओठांना भिडलेले ओठ. ओठांचे हे मीलन कोठून आले? रविकिरण मंडळाच्या काळात ज्या प्रतिमेवर शेकडो प्रेमगीते पोसली, तीच उचलून कवीने प्रेतांच्या मुखी ठेवली आहे. ही प्रतिमा एकेकाळी मंगल होती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिचा घाव लागावयाचा नाही. म्हणून मर्ढेकरांना भावनेचे वैरी म्हणणे हा मला अन्याय वाटतो. भावनेची विटंबना असह्य झालेला तो कवी होता. मुंबईच्या बंदरावर उजाडणारी माघातली पहाट त्याने न्हालेल्या गर्भवतीच्या सोज्ज्वळपणाने रंगविली आहे, आणि तीत मला तर विडंबनाचा लेशही आढळत नाही.

अलीकडे कवितेत चंद्र आला की ती रोमँटिक आणि गटार आले की विरोधी, असा जो झटपट निवाडा करण्यात येतो, त्याने दोन्ही शब्द निकामी होत चालले आहेत. वस्तू कोणती आली ह्यावर काही ठरत नाही. त्या वस्तूकडे कवीने काय मागितले होते आणि त्याला काय मिळाले, एवढेच पाहावयाचे असते. वाचकांना माझी विनंती इतकीच, की 'काही कविता' हाती घेण्यापूर्वी 'शिशिरागम' एकदा, आणि त्याच्याही आधी 'पारवा', सावकाश वाचावी.