पिग्मी शॅमेलिऑन : लहान आहे, सोपा नाही

टांझानियाच्या उसांबारा आणि उलुगुरू डोंगरांतल्या दमट जंगलात, जमिनीवरच्या पाचोळ्यात एक सरडा राहतो. पूर्ण वाढला तरी शेपटीसकट आठ-नऊ सेंटिमीटरच भरतो. अंगाचा रंग वाळक्या पानाचा, कुशीवर पानाच्या शिरांसारख्या रेघा, हनुवटीखाली खवल्यांची बारीक दाढी. शास्त्रीय नाव रीपेलिऑन ब्रेव्हिकॉडेटस. अमेरिका-युरोपात हौसेनं सरडे पाळणाऱ्यांमध्ये तो ‘दाढीवाला पिग्मी’ म्हणून ओळखला जातो. त्याच्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्याच्या आकारातून आले आहेत आणि त्यांची किंमत तोच मोजतो.

सर्वांत घातक समज असा, की हा मोठ्या शॅमेलिऑनचाच छोटा नमुना आहे, तेव्हा तीच व्यवस्था कमी प्रमाणात केली की झालं. खरं तर पिग्मी म्हणून ओळखले जाणारे शॅमेलिऑन त्याच कुळातल्या, पण वेगळ्या वंशांतले (जीनस) आहेत. आफ्रिकेत रॅम्फोलिऑन आणि रीपेलिऑन, मादागास्करमध्ये ब्रुकेशिया. मोठे पँथर किंवा वेल्ड शॅमेलिऑन झाडाझुडपांवर राहतात आणि उन्हात अंग शेकतात. पिग्मी मात्र दिवसभर सावलीतल्या पाचोळ्यात फिरतो आणि रात्री जमिनीपासून थोड्याच उंचीवरच्या काडीवर चढून झोपतो. मोठ्या शॅमेलिऑनसाठी लावतात तो उष्णतेचा दिवा याच्यावर लावला, तर एवढ्याशा शरीरातलं पाणी भराभर आटतं.

त्याला दिवसा 20 ते 24 अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि रात्री ते आणखी चार-पाच अंशांनी उतरावं लागतं. 27 अंशांच्या वर फार वेळ राहिला तर जिवावर बेतू शकतं. “आफ्रिकेतला प्राणी, त्याला उन्हाचं काय?” हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. आफ्रिका म्हणजे नुसतं वाळवंट आणि गवताळ मैदान नव्हे. उसांबाराच्या जंगलात धुकं असतं, गारवा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईच्या घरातलं तापमान सहज तिशी ओलांडतं. नागपूर-अकोल्याचं तर बोलायलाच नको. एसी अखंड चालू ठेवावा तर तो हवेतला ओलावा खेचून घेतो. गारवा आणि ओल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, वर्षभर सांभाळाव्या लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

घराबद्दलचा समज मोठ्या शॅमेलिऑनवरून आलेला: “यांना जाळीचाच पिंजरा लागतो.” पिग्मीसाठी काचेची पेटी अधिक चांगली, कारण तिच्यात ओल टिकते. अट एकच. समोरून खालच्या बाजूला आणि वर जाळीतून हवा खेळती हवी, नाहीतर कोंदट ओलीत बुरशी धरते आणि फुप्फुसांचे आजार होतात. एका जोडीला साधारण 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीची पेटी हवी. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. तळाशी निचऱ्याचा थर, वर रसायनं न घातलेली माती, त्यावर जाड पाचोळा, सगळीकडे बारीक काड्या आणि जिवंत झाडं. पाचोळ्यात स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे बारीक जीव सोडले की तेच विष्ठा आणि बुरशी खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. पेटीत मादी असेल तर मातीचा थर सात-आठ सेंटिमीटर तरी हवा. अंडी पुरायला ओलसर माती मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून मादी दगावते.

पाण्याची वाटी ठेवून उपयोग नाही. हा प्राणी पानांवरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा मारायचा आणि मधल्या वेळात पानं थोडी सुकू द्यायची. तो सावलीतला असल्यानं त्याला अतिनील प्रकाश लागतच नाही, हेही अर्धसत्य आहे. जंगलात पानांतून झिरपणारा थोडा प्रकाश त्याला मिळतो. तेवढाच सौम्य यूव्हीबी दिवा आणि आडोशाला भरपूर झाडी असावी.

खाण्याबाबत त्याची जीभ माणसाला फसवते. तेव्हा ब्राउन विद्यापीठात असलेले संशोधक ख्रिस्तोफर अँडरसन यांनी वीस जातींच्या शॅमेलिऑनच्या जिभा मोजून 2016मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत सर्वाधिक प्रवेग भरला रॅम्फोलिऑन स्पायनोसस या उसांबाराच्याच चिमुकल्या जातीचा: गुरुत्वाकर्षणाच्या 264 पट. जीभ शरीराच्या अडीचपट लांब गेली. अशी जीभ असली तरी तोंड इवलंसंच. किडा डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. म्हणजे पंख नसलेल्या फळमाश्या आणि अगदी लहान रातकिडे, तेही कॅल्शियमची भुकटी लावून. न खाल्लेले मोठे रातकिडे पेटीत ठेवले तर ते रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

हातात घेतल्यावर पिग्मी थरथरतो, बोटांना गुणगुण जाणवते. अनेकांना ती लाडाची खूण वाटते. ती घाबरल्याची खूण आहे: शत्रूनं सोडून द्यावं म्हणून दिलेला झटका. कधी तो पाय दुमडून एका कुशीवर पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. त्याला खेळवायचं नाही, काचेबाहेरून बघायचं. त्याचं रंग बदलणंही केवळ पार्श्वभूमीशी जुळवून घेण्यासाठी नसतं. रंगांतून ताण, तापमान आणि इतर शॅमेलिऑनबद्दलची प्रतिक्रिया दिसते. नर एकमेकांना सहन करत नाहीत, म्हणून दोन नर एका पेटीत ठेवू नयेत.

“जंगलात हे भरपूर आहेत” हा समजही सोडावा. मलावीतली रॅम्फोलिऑन चॅपमनोरम ही पिग्मी जात 1992मध्ये प्रथम नोंदली गेली. तिच्या टेकड्यांवरचं सुमारे 80 टक्के जंगल 1980च्या दशकापासून नाहीसं झालं आणि ती नष्टच झाली असावी असं वाटत होतं. 2016मध्ये ती उरल्यासुरल्या तुकड्यांत पुन्हा सापडली. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत आफ्रिकेतल्या पिग्मी शॅमेलिऑनचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. भारतातही वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022ची दुरुस्ती लागू झाल्यापासून असे विदेशी प्राणी नोंदणीविना बाळगता येत नाहीत. पर्याय म्हणून आपल्या रानातला घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, घरी आणणं तर सरळ गुन्हा आहे. तो 1972च्या कायद्यानं संरक्षित आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हा प्राणी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशात राहणाऱ्या ज्यांना कायद्यानं तो पाळता येतो, त्यांनी पेटी आधी महिनाभर चालवून तापमान आणि ओल टिकते का ते पाहावं, आणि पैदास केंद्रात जन्मल्याचा कागद दाखवल्याशिवाय विक्रेत्याला पैसे देऊ नयेत.