उंटाचा ‘सर्रा’ माणसाला होतो का? जगातली पहिली पक्की नोंद महाराष्ट्रातलीच

ताप येतो, उतरतो, काही दिवसांनी पुन्हा चढतो. मलेरियाची चाचणी निगेटिव्ह येते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणी गावच्या एका शेतकऱ्याचं असंच सुरू होतं. हा त्रास पाच महिने चालला. शेवटी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा वळवळणारे परजीवी दिसले. ते मलेरियाचे नव्हते. ते होते ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’, म्हणजे उंट आणि घोड्यांना ‘सर्रा’ हा आजार देणारे. नागपूरचे डॉ. पी. पी. जोशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही केस प्रसिद्ध केली. माणसात हा परजीवी आढळल्याची जगातली ही पहिली पक्की नोंद मानली जाते.

सर्रा म्हणजे नेमकं काय?

रक्तात राहणाऱ्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा आजार. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे (आता पाकिस्तानात) आजारी उंट-घोड्यांच्या रक्तात तो शोधला. आजारी जनावराच्या घरघरत्या श्वासावरून ‘सर्रा’ हे नाव पडलं आणि इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात. राजस्थानात उंटपालक याला ‘तिबरसा’ म्हणतात, कारण उंट तीन-तीन वर्षं झिजत राहतो. अधूनमधून ताप, रक्तक्षय, पायांना सूज, गर्भपात आणि खाणं सुरू असूनही खंगत जाणं, ही त्याची लक्षणं.

आमच्याकडे उंट कुठे आहेत?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात उंट दिसलाच तर एखाद्या जत्रेत किंवा वरातीत. पण सर्रा फक्त उंटाचा नाही. घोडा, म्हैस, गाय, कुत्रा या सगळ्यांना तो होतो. घोडा आणि कुत्रा उपचाराविना लवकर दगावतात. म्हैस मात्र अनेकदा वरून धडधाकट दिसते आणि परजीवी रक्तात बाळगत राहते. आपल्या भागात म्हशींचे तबेले आहेत. बदलापूरनंतर तिसरं स्टेशन नेरळ, आणि तिथून वर माथेरानला आजही घोड्यांवरच बरीचशी वाहतूक चालते. याचा अर्थ इथे साथ आहे असा मुळीच नाही. पण ‘उंटाचा आजार, आपल्याला काय’ असं म्हणून हा विषय सोडताही येत नाही.

तो पसरतो कसा?

आफ्रिकेतल्या ‘झोपेच्या आजारा’चा परजीवी त्से-त्से माशीच्या पोटात वाढतो. सर्राला तेवढीही गरज नाही. घोडमाशी आजारी जनावराला चावते, हाकलली की उडते आणि रक्ताने माखलेल्या सोंडेसह शेजारच्या जनावराला चावते. वापरलेली सुई दुसऱ्याला टोचावी, तसाच हा प्रकार. तबेल्यातली चावणारी माशीही हेच काम करते आणि ती वाढते ओल्या शेणात, कुजलेल्या चाऱ्यात. म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे महिने धोक्याचे.

मग माणसांना सहसा का होत नाही?

आपल्या रक्तात ‘एपीओएल-१’ नावाचं प्रथिन असतं. परजीवी ते आत घेतो आणि त्या प्रथिनामुळे आतल्या पडद्याला छिद्रं पडून तो मरतो. शिवणीच्या शेतकऱ्याच्या शरीरात जनुकीय दोषामुळे हे प्रथिन कामाचंच नव्हतं, हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. सुदैवाने परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला नव्हता. सुरामिन या जुन्या आफ्रिकी आजारावरच्या औषधाने तो बरा झाला.

नंतर त्याच गावातल्या १,८०६ जणांची रक्त तपासणी झाली. ४१० जणांची प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे या परजीवीशी त्यांचा संबंध आला असण्याची शक्यता होती. पण त्यांच्यातल्या सर्वाधिक प्रतिपिंडं असलेल्या ६० जणांच्या रक्तात एकही जिवंत परजीवी सापडला नाही. शरीराचं कवच काम करत होतं.

ते कवच अभेद्य नाही. व्हिएतनाममध्ये २०१५ साली एका महिलेला हाच संसर्ग झाला. तिचं प्रथिन सामान्य होतं. कच्चं गोमांस कापताना झालेल्या जखमेतून परजीवी शिरला असावा, असं डॉक्टरांचं मत आहे.

उंटापासून आणखी काय?

खरजेचे किडे थेट स्पर्शाने माणसाला तात्पुरती खाज देऊ शकतात. जास्त गंभीर म्हणजे ‘हायडॅटिड’ गाठी. उंट, शेळी-मेंढी, गाय यांच्या यकृत-फुप्फुसात या गाठी होतात. ते अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून हातावर, भाजीवर येतात आणि माणसाच्या यकृतात गाठ धरते. म्हणजे गाठीचं मांस खाऊन नव्हे, तर कुत्र्यामार्फत हा आजार आपल्यापर्यंत येतो.

तुम्ही काय करायचं?

• तबेल्यातलं शेण रोज हलवा, पाणी साचू देऊ नका. जाळी लावा.
• नवं जनावर घेताना पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायचा आग्रह धरा.
• जनावर तापाने खंगत असेल, तर शासनाच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. सर्रावर औषधं आहेत.
• हाताला जखम असताना कच्चं मांस किंवा जनावराचं रक्त हाताळू नका.
• मांसाच्या दुकानातला कचरा कुत्र्यांना टाकू नका.
• उंट किंवा घोड्यावर मुलांना बसवलंत तर नंतर साबणाने हात धुवा. घाबरण्याचं कारण नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताप पुन्हा पुन्हा येत असेल आणि तुमचं काम जनावरांमध्ये असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मलेरियाचं झटपट किट फक्त मलेरिया शोधतं. सर्राचा परजीवी त्यात दिसणार नाही. तो दिसतो काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात. शिवणीच्या शेतकऱ्याचा आजार पकडला तो याच साध्या, स्वस्त तपासणीने.